साइनमधला जी कुठे बोलतो?

संध्याकाळी माझ्याकडे आठवी-नववीची सहा-सात मुलं इंग्रजीला बसतात. परवा त्यातल्या एकीचं साइनचं स्पेलिंग तिसऱ्यांदा चुकलं, रडवेली होऊन म्हणाली, ताई, जी म्हणायचाच नाही तर लिहायचा कशाला? आपल्या सगळ्यांना यावर एकच उत्तर मिळालेलं आहे, सायलेंट असतो, पाठ कर. मी म्हटलं सिग्नेचर म्हण बघू. म्हणाली. सिग्नल म्हण. आणि ती थांबलीच, वहीतल्या जीवर बोट ठेवून म्हणाली, अय्या, इथे बोलतोय की तो! मग काय, रिझाइनचं रेझिग्नेशन, मसलचं मस्क्युलर, कॉलमचं कॉलमनिस्ट, सगळे मुके लोक नातेवाइकांच्या घरी जाऊन बोलायला लागले.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांना शब्द एकेकटा देऊ नका, गोतावळ्यासकट द्या आणि मोठ्याने म्हणून घ्या. २००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी अजून शब्द, अर्थ, स्पेलिंग असे तीन रकाने आखून पाठांतरच चालतं, उच्चाराचा रकाना नाहीच. मी पाचवीपासून शिकले, अशीच. पहिल्या इंटरव्ह्यूला मी डेट हा कर्जाचा शब्द डेब्ट असा म्हटला आणि समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले, पुढचं मला काही बोलताच आलं नाही. कुणीतरी आधी सांगितलं असतं की हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हताच, लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी तो नंतर घुसवला, आणि पासबुकातला डेबिट त्याचाच सख्खा भाऊ, तर अर्थ, स्पेलिंग, उच्चार तिन्ही एका दमात डोक्यात बसले असते.

सगळीकडे हे चालत नाही हेही मुलांना सांगते. नाइफमधला के इंग्रज लोक पूर्वी खरंच उच्चारायचे, तोंडातून गेला, कागदावर राहिला, तो मात्र पाठच करावा लागतो.

आणि जोर! फोटोग्राफ म्हणताना जोर फो वर, फटॉग्रफर म्हणताना तो सरकून टॉ वर, फोटोग्रॅफिक म्हणताना ग्रॅ वर. आम्ही बाकावर पेन्सिल आपटत म्हणतो, जिथे जोर तिथे ठोका. मराठीत असा जोर सरकून अख्खा शब्द बदलत नाही म्हणून आपण सगळं सपाट म्हणतो, आणि मग इंग्रजी बातम्यांत तोच ओळखीचा शब्द कानावर पडला तरी कळत नाही. मुलांनी गोऱ्यांसारखं बोलावं असं मला अजिबात वाटत नाही, पण ऐकलेलं कळायला तर हवं.

मुलं म्हणतात इंग्रजी विचित्र आहे, इलेक्ट्रिकमधला क इलेक्ट्रिसिटीत स कसा होतो? त्यांना म्हटलं, माझा म्हणा, आता माझी म्हणा, जीभ कुठे लागते बघा. माझा म्हणताना दाताजवळ, माझी म्हणताना मागे टाळूला. पुढे ई आली की आपला झ सुद्धा जागा बदलतो, घरचा-घरची मधला च पण, आणि हे कुणी आपल्याला शिकवलेलं नाही, आईच्या बोलण्यातून आलंय. पाच मिनिटं सगळी पोरं माझा-माझी, तुझा-तुझी करत आपापली जीभ तपासत बसली होती. जाताना ती साइनवाली म्हणाली, ताई, उद्या मी घरून शोधून आणते, कोण कोण मुकं आहे ते.