घोड्याचं नाव लिहिलंय, माणसाचं नाही

सकाळी ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, ऑस्ट्रेलियातल्या पायोनियर लोकांनी, म्हणजे सुरुवातीच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी, "रिकाम्या" जमिनीवर गुरं नेऊन देश कसा उभा केला म्हणे, आणि खाली आपल्याच लोकांच्या टाळ्या, सलाम. दिवसभर कामात होते पण डोक्यातून जाईना.

रिकामी? कोणी सांगितलं रिकामी?

दोन वर्षांपूर्वी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून खाली जाताना आम्ही एका जुन्या कॅटल स्टेशनवर (गुरं पाळायच्या अफाट मोठ्या रानावर) थांबलो होतो, मालकाच्या घराचं आता म्युझियम केलंय. भिंतीवर एक फोटो. मालक, मालकीण, मॅनेजर, सगळ्यांची नावं खाली. कडेला एक अबोरिजिनल, म्हणजे तिथला मूळ रहिवासी माणूस, अनवाणी, पांढरी दाढी, हातात घोड्याचा लगाम. त्याच्याखाली घोड्याचं नाव आणि पुढे "विथ बॉय". घोड्याला नाव आहे हो! आणि माझ्या आजोबांच्या वयाचा माणूस बॉय.

कष्ट काढले त्या पायोनियर लोकांनी, मान्य. ड्युरॅक नावाच्या गोऱ्या कुटुंबाची मंडळी १८८३ला क्वीन्सलंडहून सात हजारांवर गुरं हाकत निघाली, पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीत ऑर्ड नदीवर पोचेपर्यंत १८८५ उजाडलं, निम्मी गुरं वाटेतच गेली. पावसाळ्यात नद्या फुगल्या की महिनोन्महिने वाट बंद, बाईचं बाळंतपण अडलं तर डॉक्टर कुठून आणणार, विमानाने येणारे फ्लाइंग डॉक्टर सुरू झाले तेच १९२८ला. त्या बायकांचा विचार आला की पोटात तुटतं माझ्या.

पण त्याच १९२८ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या कोनिस्टनला काय झालं ते फॉरवर्डमध्ये का नाही? गुरांनी पाणवठे तुडवून चिखल केला, शिकार पांगली, भुकेल्या माणसांनी एखादी गाय मारली की बंदुका घेऊन घोडेस्वार निघायचे, हे वर्षानुवर्षं चाललेलं. कोनिस्टनला एका गोऱ्याच्या खुनाचा बदला म्हणून अबोरिजिनल माणसं मारत सुटले. सरकारी आकडा ३१. आणि चौकशीत काय ठरलं, तर गोळ्या घालणं योग्यच होतं!! हात थरथरतायत लिहिताना.

जे वाचले ते तिथेच राबले. गुरं वळवणं, डाग देणं, घोडी धरणं त्यांनी केलं, बायकांनी मालकांची धुणी धुतली, पोरं सांभाळली, आणि बदल्यात पीठ, चहा, साखर, मांस, तंबाखू. पैसे नावाला. आपल्याकडे सालगड्यांना तरी कुठे धड दिलं असं कोणी म्हणेल, खरंय, नाही दिलं, त्याचीही लाज वाटते मला. म्हणून हे गप्प बसून वाचायचं का?

उत्तरेतल्याच वेव्ह हिल नावाच्या कॅटल स्टेशनवर २३ ऑगस्ट १९६६ला पुढारी व्हिन्सेंट लिंगियारींबरोबर सुमारे २०० गुरिंजी (तिथल्या मूळ जमातीची) माणसं, बायकापोरांसकट, काम टाकून चालती झाली. सगळ्यांना वाटलं पगारासाठी बसलेत, त्यांना त्यांची जमीन हवी होती. नऊ वर्षं हटले नाहीत. १९७५ मध्ये पंतप्रधान व्हिटलम स्वतः आले आणि त्यांच्या जमिनीचा काही भाग परत देताना खूण म्हणून लिंगियारींच्या हातात मूठभर माती ओतली. तो फोटो मी कधीही बघितला की रडू येतं, आत्ताही आलंच.

आणि परत तो दुसरा, म्युझियममधला घोड्याचा फोटो आठवतो. मोबाईलवर काढून आणला होता, मघाशी मोठा करून बघितला. घोड्याने मान हलवली असणार, त्याचं तोंड पुसट आलंय. माणूस स्वच्छ दिसतो. लगाम मनगटाला दोन वेढे देऊन धरलाय. जवळच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोणीतरी ओळखेल, असं मी म्युझियमच्या बाईंना तेव्हा म्हटलं होतं, बघू म्हणाल्या. नंतर मेल केला, उत्तर नाही. आज परत केलाय.