कूलर नीड्स क्लीनिंग

नवतप्यात नागपुरात कुणी कुणाला व्याकरण शिकवू नये. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे आम्ही पाहुण्यांना अजून अभिमानानं सांगतो. तरी ताईनं भाच्याला सुट्टीत धाडलंच, वर निरोप : "ह्याचं इंग्रजीतलं ‘नीड’ तेवढं पक्कं करून दे."

पोट्टा कूलरसमोर मांडी ठोकून बसला. त्याच्याकडून उरेल ती हवा मला.

‘ही नीड्स वॉटर.’ कर्ता तृतीयपुरुषी, एकवचनी, म्हणून एस. पटलं. मग ‘ही नीड नॉट गो’.

"आता एस कुठं गेला, मामा?"

"इथे नीड मस्ट-कॅनच्या पंगतीत बसतं. एस नाही, पुढे टू नाही."

"मंग ‘ही नीड गो’ चालते?"

"नाही चालत. ह्या पंगतीत ते नकाराला येतं, नाहीतर प्रश्नाला. होकार असला की ‘ही नीड्स टू गो’. आणि ‘नीड आय गो?’ असं विचारणाऱ्याला बहुतेक ‘नको’ हेच उत्तर हवं असतं."

"म्हणजे काम टाळाचं असलं की वेगळं वागते." मला ऑफिसातले दोघंतिघं आठवले.

इथवर निभावलं. भूतकाळात मात्र घाम फुटला. ‘डिडन्ट नीड टू’ म्हणजे गरज नव्हती. केलं की नाही, ते वाक्यावरून कळेलच असं नाही. ‘नीडन्ट हॅव’ म्हणजे केलं, आणि फुकट केलं. पोट्टा नुसता बघत राहिला. तेवढ्यात लाइन गेली. सकाळी नळ होता तेव्हा बादल्या वाहून मी कूलरची टाकी काठोकाठ भरली होती.

"मामा नीडन्ट हॅव फिल्ड द कूलर!" पोट्टा ओरडला. एकही चूक नाही. शाबासकी द्यायची माझी इच्छाच होईना.

लाइन आली ती शेवाळाचा वास घेऊनच. तीच संधी साधून मी म्हटलं, "द कूलर नीड्स क्लीनिंग."

"कूलर काय साफ करून राहिला?"

"अरे, रूप कर्तरी, अर्थ कर्मणी. कूलर साफ केला जायला हवा."

"पण करणारा कुठं हाय वाक्यात?"

"नसतो तो वाक्यात."

"घरात आहे ना!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "आधी ताट्या काढा. आणि पंपाची जाळी घासा, मागच्या वेळी तशीच राहिली."

ताट्यांना बोअरच्या पाण्याचा पांढरा थर धरलेला. तारा गंजलेल्या, खस हाताला टोचत होती. मी ब्रश घेऊन गॅलरीत उकिडवा बसलो. पोट्टा दारात आंब्याची कोय चोखत उभा.

"मामा," तो अदबीनं म्हणाला, "नीड आय हेल्प?"