‘दोन इंजिनं आहेत, मग काळजी कसली?’ या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. छोट्या, दोन इंजिनांच्या विमानाचा फोटो आणि खाली थोडक्यात असं: ‘दोन इंजिनं म्हणजे डबल सेफ्टी, एक गेलं तर दुसरं घरी आणतं. बाकी हे एडी (विमानात सक्तीने करायच्या कामांचे सरकारी आदेश), शंभर तासांची तपासणी, मुदत संपली म्हणून चांगला पार्ट फेकून देणं, हा सगळा कंपन्यांचा धंदा. चालत्या मशीनला हात लावला की ते बिघडतं. मुरलेल्या पायलटला चेकलिस्ट लागत नाही. आणि विमान ज्याचं, जोखीम त्याची.’ पाठवणाऱ्यांत माझा आतेभाऊही होता. खाली त्याने विचारलं होतं, ‘ताई, हे खरं आहे का?’

मी एएमई आहे. विमानाची देखभाल करून ते उडायला योग्य असल्याची सही करणारी इंजिनियर. एकवीस वर्षं छोट्या विमानांच्या हँगरमध्ये काढली आहेत. आतेभावाला दोन ओळीत ‘नाही’ म्हणून मोकळं होता आलं असतं, पण ज्यांनी हे पुढे पाठवलं त्यांतले निम्मे जण मनापासून विश्वास ठेवून बसलेत. म्हणून सविस्तर लिहिते.

‘दोन इंजिनं म्हणजे डबल सेफ्टी.’

घरात दोघं कमावतात असं समजा. दोघांच्या पगारातून खर्च भागून महिन्याला थोडं उरतं. एकाची नोकरी गेली तर पगार निम्मा होतो, पण शिल्लक निम्मी होत नाही, ती जवळजवळ संपते. विमानाचं तसंच आहे. नुसतं सरळ उडत राहायलाच बरीचशी शक्ती खर्च होते आणि जी वर उरते तिच्यावर विमान चढतं. छोट्या दुइंजिनी विमानाचं एक इंजिन बंद पडलं की ताकद निम्मी जाते, पण चढण्याची क्षमता ऐंशी टक्क्यांहून जास्त जाते.

आकडे आपल्याकडचेच घेऊ. पायपर सेमिनोल हे प्रशिक्षणात खूप वापरलं जाणारं विमान. पूर्ण वजनात, एका इंजिनावर त्याची उंचीची ठरवलेली मर्यादा सुमारे ३,८०० फूट. या उंचीवर ते मिनिटाला जेमतेम ५० फूट चढतं. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांच्या वर आहे. मे महिन्यात दुपारी तापमान ४० अंशांवर गेलं की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती जागा ५,४०० फुटांच्या आसपास असते. म्हणजे धावपट्टी सोडण्याआधीच ते विमान आपल्या एका इंजिनाच्या मर्यादेच्या वर आहे. त्या दुपारी भरलेल्या सेमिनोलचं एक इंजिन टेकऑफनंतर गेलं, तर दुसरं इंजिन त्याला वर नेणार नाही. उतरायची जागा निवडायला थोडा वेळ देईल, एवढंच.

तेही पायलटने पहिल्या काही सेकंदांत योग्य गोष्टी केल्या तर. बंद इंजिनाचा प्रोपेलर वाऱ्याने फिरत राहतो आणि ब्रेकसारखा ओढतो, चालू इंजिन दुसऱ्या बाजूने ढकलतं, आणि विमान बंद बाजूकडे वळायला लागतं. ते रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या झडपेने, पायाने रोखायचं असतं. शिकवताना सांगतात, ‘जो पाय ढिला, ते इंजिन गेलं.’ वेग एका ठरावीक आकड्याखाली गेला की पूर्ण दाबलेला रडरही पुरत नाही आणि विमान उलटं होतं. वेग दाखवणाऱ्या घड्याळावर त्या आकड्याला लाल रेघ असते. त्याच्या वर निळी रेघ असते, एका इंजिनावर सर्वांत चांगलं चढण्याच्या वेगाची. एका इंजिनाच्या विमानात या दोन रेघा नसतात, कारण तिथे हा धोकाच नसतो. दुसरं इंजिन स्वतःबरोबर स्वतःचा धोका घेऊन येतं. म्हणून पायलटच्या परवान्यावर त्याचं वेगळं रेटिंग लागतं आणि एक इंजिन बंद करून सराव करावा लागतो.

आणि दोन्ही इंजिनं एकदम जात नाहीत, असंही नाही. ४ मार्च २००७, जर्मनीतलं स्पायर. डायमंड डीए४२, दोन डिझेल इंजिनं, दोन्ही संगणकावर चालणारी. विमानाची बॅटरी उतरली होती म्हणून बाहेरच्या वीजपुरवठ्याने इंजिनं सुरू केली. विमानाच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं की पहिलं इंजिन बाहेरच्या विजेवर सुरू केलं तरी दुसरं विमानाच्या स्वतःच्या विजेवर सुरू करा. वाचताना ही ओळ निरर्थक वाटते. पण बॅटरी मेलेली असेल तर ती जमिनीवरच कळावी, यासाठी ती ओळ आहे. टेकऑफनंतर चाकं आत घेतली, चाकांच्या मोटरने वीज ओढली, व्होल्टेज क्षणभर पडलं, दोन्ही इंजिनांचे संगणक रीसेट झाले आणि दोन्ही प्रोपेलर थांबले. विमान पोटावर उतरलं, माणसं वाचली. त्यानंतर इंजिनांच्या संगणकांना राखीव बॅटरी सक्तीची झाली. दोन इंजिनं होती, पण दोघांचा जीव एकाच बॅटरीत होता.

‘एडी आणि मुदती म्हणजे कंपन्यांचा धंदा.’

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. कंपनी काढते ते सर्व्हिस बुलेटिन, कंपनीचा सल्ला. एडी, म्हणजे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, काढते ती सरकारी यंत्रणा. पायपर, सेस्ना, बीचक्राफ्टसाठी अमेरिकेची एफएए, डायमंड किंवा टेकनामसाठी युरोपची इआसा. आपलं डीजीसीए विमान ज्या देशात डिझाइन झालं त्या देशाचे एडी पाळायला लावतं. सल्ल्यावर मालक विचार करू शकतो, एडीवर नाही. एडी थकला तर विमान उडायला कायदेशीर राहत नाही.

एडी निघतो कधी? एखाद्या मॉडेलमध्ये घातक दोष सापडला आणि तो त्याच डिझाइनच्या इतर विमानांतही असू शकतो, असं दिसलं की. कुठल्या सिरियल नंबरच्या विमानांना लागू, किती तासांत किंवा किती दिवसांत करायचं, कसं करायचं, पुन्हा पुन्हा करायचं की एकदाच, सगळं त्यात असतं. सेस्नाच्या ३०० आणि ४०० मालिकेतल्या टर्बो लावलेल्या दुइंजिनी विमानांसाठी २००० साली एक्झॉस्टचा, म्हणजे इंजिनातला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा, मोठा एडी निघाला. कारण एक्झॉस्टला भेग पडली की आठशे-नऊशे अंशांचा वायू थेट शेजारच्या इंधनाच्या नळीवर आणि इंजिन धरून ठेवणाऱ्या सांगाड्यावर येतो. तिथे आग लागली की पायलटच्या हातात फार थोडा वेळ उरतो.

हे मी स्वतः पाहिलंय. एका पायपर सेनेकाची, छोट्या दुइंजिनी विमानाची, शंभर तासांची तपासणी चालू होती. मालकाच्या माणसाचा सकाळपासून फोन, ‘मॅडम, उद्या सहाला उड्डाण आहे, सही करून टाका.’ टर्बोजवळ एक्झॉस्टचे दोन तुकडे धरणारा क्लॅम्प असतो, बांगडीसारखा, तळहातावर मावेल एवढा. टॉर्च आणि छोटा आरसा आत घालून पाहिलं तर क्लॅम्पच्या एका कडेपासून करड्या रंगाचा पंखा पसरावा तसा डाग. वायू गळतोय त्याची ती खूण. क्लॅम्प वरून धडधाकट दिसत होता. सोडवून हातात घेतला तेव्हा पट्टीच्या आतल्या बाजूला, स्पॉट वेल्डपाशी (ठिपक्यासारख्या वेल्डिंगच्या जोडापाशी), केसासारखी भेग सापडली. बोटभर अंतरावर इंधनाची नळी. उड्डाण रद्द झालं आणि त्या मालकाने पुढची कामं दुसरीकडे दिली. पुढे २०२३ मध्ये एफएएने अशा स्पॉट वेल्डच्या क्लॅम्पना ५०० तासांची मर्यादा घातली. फॉरवर्डमधला ‘चांगला पार्ट फेकणं’ तो हाच. भेग पट्टीखाली सुरू होते, बाहेरून दिसत नाही, म्हणून तो दिसायला चांगला असतानाच काढायचा.

खर्चाचं दुखणं मात्र खोटं नाही. छोट्या विमानाच्या मालकाला एखादा एडी विमानाच्या किमतीच्या मानाने फार जड जातो. सेस्ना ४०२ च्या पंखांना पट्ट्या जोडण्याचा प्रस्ताव एफएएने २००३ मध्ये मांडला तेव्हा मालकांनी जोरदार हरकती घेतल्या, जाहीर बैठक झाली आणि अंतिम आदेश २००५ मध्ये आला. तातडीचा धोका नसेल तर असा मसुदा आधी जाहीर होतो आणि त्यावर कुणालाही लिहिता येतं. पैशांबद्दल बोलायचं तर तिथे बोलावं. आदेश लागू झाल्यावर लॉगबुकमध्ये खोटी नोंद करणं, हे त्याला उत्तर नव्हे.

‘चालत्या मशीनला हात लावला की बिघडतं.’

यात अर्धं सत्य आहे, आणि ते माझ्या व्यवसायाला लागतं म्हणून मी ते टाळणार नाही. ८ जानेवारी २००३, शार्लट, अमेरिका. एअर मिडवेस्टचं बीच १९००, दोन टर्बोप्रॉप इंजिनांचं १९ आसनी विमान. दोन दिवस आधी देखभालीत एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या आडव्या झडपेच्या, केबलचा ताण जुळवताना मेकॅनिकने काही पायऱ्या गाळल्या, तपासणाऱ्याने गाळू दिल्या. परिणामी विमानाचं नाक खाली आणण्याची एलिव्हेटरची क्षमता जवळपास निम्मी झाली. पुढची नऊ उड्डाणं सुरळीत गेली, कारण भार कमी होता. दहाव्याला विमान भरलेलं होतं, वजन मागे होतं, आणि नाक वर गेलं ते खाली आलंच नाही. २१ माणसं गेली.

म्हणजे हात लावल्याने बिघडलं, खरंच. पण ते नियम पाळून बिघडलं नाही, गाळून बिघडलं. म्हणूनच कंट्रोल्सना हात लावला की डुप्लिकेट इन्स्पेक्शन असतं: एकाने काम केलं, तर दुसऱ्याने स्वतंत्रपणे, स्वतःच्या डोळ्यांनी आणि हातांनी तपासायचं. मी सहकाऱ्याच्या कामाची अशी तपासणी करते तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखवत नाही. तोही माझं काम तसंच तपासतो.

आणि हात न लावण्याचं फळ? ४ एप्रिल २०१८, डेटोना बीच, फ्लोरिडा. पायपर अ‍ॅरो, सुमारे ७,७०० तास उडालेलं प्रशिक्षणाचं विमान, चढत असताना पंख निखळला. शिकणारा आणि परीक्षक दोघेही गेले. पंखाच्या मुख्य स्पारला, म्हणजे आतल्या तुळईला, बोल्टच्या भोकाशी, धातू थकून पडलेली भेग होती. याच कुटुंबातल्या विमानाचा पंख १९८७ मध्ये टेक्ससमध्ये तुटला होता आणि तपासणीचा एडीही निघाला होता. पण तपासलेल्या विमानांत भेगा फार सापडल्या नाहीत म्हणून १९८९ मध्ये तो मागे घेतला गेला. २०१८ नंतर नवा एडी आला, २०२१ पासून लागू झाला. हे एका इंजिनाचं विमान होतं, आणि ते मी मुद्दाम सांगतेय. दुइंजिनी विमानाला इंजिनं दोन असली तरी तुटलेल्या पंखाच्या जागी दुसरा पंख नसतो.

‘मुरलेल्या पायलटला चेकलिस्ट लागत नाही.’

२१ फेब्रुवारी २०१७, मेलबर्नचा एसेन्डन विमानतळ. किंग एअर बी२००, दोन्ही इंजिनं ठणठणीत. पायलटकडे हजारो तासांचा अनुभव. रडरचं ट्रिम, म्हणजे पाय न दाबताही रडर एका बाजूला धरून ठेवणारी सोय, पूर्ण डावीकडे फिरलेलं राहिलं होतं आणि टेकऑफपूर्वी ते लक्षात आलं नाही. विमान डावीकडे ओढलं जात शेजारच्या शॉपिंग सेंटरच्या इमारतीवर आदळलं. पायलट आणि चार प्रवासी, पाचही जण गेले. ट्रिम पाहायला चेकलिस्टमध्ये एकापेक्षा जास्त वेळा सांगितलेलं असतं. ते एक चाक आहे, हात फिरवायला दोन सेकंद लागतात. माझ्या अनुभवात चेकलिस्ट सर्वांत काटेकोरपणे वाचणारे पायलट हे सर्वांत जुने असतात. बोट ठेवून, मोठ्याने.

‘विमान ज्याचं, जोखीम त्याची.’

२८ जून २०१८ रोजी दुपारी घाटकोपरला, भर वस्तीत, किंग एअर सी९० पडलं. दुरुस्तीनंतरचं चाचणी उड्डाण होतं, जुहूहून निघालेलं. दोन इंजिनांचं. आत दोन पायलट होते आणि देखभालीच्या कामातले, म्हणजे माझ्याच कामातले, दोघं. पाचवा माणूस खाली रस्त्यावर होता.