देश कसा सांभाळावा, पानठेल्यावर बसून

वर्ष संपायला आलं की जो तो आढावा घेते, तर म्हटलं आपणही घ्यावा. 2025 मध्ये आपल्या गावानं देश कसा सांभाळला हे बाहेरच्यांना कळलं पाहिजे, आणि पुढच्या वर्षी ज्या पोरांवर ही जबाबदारी येणार त्यांना चार युक्त्या माहीत असलेल्या बऱ्या.

बैठक पानठेल्यासमोरच घ्या. घरी बसून देश सांभाळता येत नाही, घरी कोणी ना कोणी ढोरांना पाणी दाखवायला सांगते. खर्रा तोंडात असला तर मान जरा वर करून बोला, म्हणजे परराष्ट्र धोरण शर्टावर सांडत नाही.

युद्ध आलं तर घाबरू नका. 7 मेला ऑपरेशन सिंदूर झालं आणि पुढच्या रात्री आपल्या काही वाहिन्यांनी कराचीचं बंदरच उडवलं. आपण ठेल्यावर पेढे वाटून मोकळे. सकाळी बंदर जागच्या जागी. अशा वेळी वाटलेले पेढे परत मागू नये. 10 मेला गोळीबार थांबला की "आणखी चार दिवस पाहिजे होते राजेहो" असं जोरात म्हणावं, फक्त ज्याचं पोरगं फौजेत आहे तो बाकावर बसला नाही ना, हे आधी पाहून घ्यावं.

खेळात लक्ष दुबईवर ठेवा. 2 मार्चला नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर आपल्या विदर्भानं रणजी करंडक तिसऱ्यांदा घेतला, केरळविरुद्धची फायनल ड्रॉ झाली पण पहिल्या डावात 37 धावांची आघाडी होती तेवढ्यावर कप आला, आणि हर्ष दुबेनं त्या सीझनमध्ये 69 विकेट काढल्या, रणजीच्या एका सीझनमध्ये इतक्या आधी कोणीच काढल्या नव्हत्या. हे माहीत नसलं तरी चालते. त्याच दिवशी दुबईत भारताची न्यूझीलंडसोबत मॅच होती आणि माणूस एका वेळी एकच टीव्ही पाहू शकते. जामठा इथून दीड तासावर आहे, पण दुबईची गोष्टच वेगळी.

28 जुलैला नागपूरची 19 वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकली. तो कप जिंकणारी पहिली भारतीय आणि त्याच फटक्यात ग्रँडमास्टर. अशा वेळी "आपली नागपूरची पोरगी" म्हणून स्टेटस ठेवा. उंट कसा चालते असं कोणी विचारलंच तर नेटवर्क गेलं म्हणा.

2 नोव्हेंबरला नवी मुंबईत बायांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून वर्ल्ड कप आणला तेव्हा आपण रात्री बाराला फटाके फोडले. सकाळी सातला गावातल्या बाया कापूस वेचाईला निघाल्या, तेव्हा फोडणारे झोपलेले होते.

पहिलीपासून हिंदी नको म्हणून जरूर भांडा, शाळेत मास्तर किती उरले ते मात्र मोजू नका.

संस्कृतीसाठी डीजे लागते. जुलैत मराठ्यांचे 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, 11 आपल्या राज्यातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात विदर्भातला एकही नाही, पण डीजे आपल्याही चौकात वाजला. आपल्या विदर्भातल्या गाविलगडावर शेवटचे कधी गेले होते, असे प्रश्न आनंदाच्या वेळी विचारू नये.

आता सगळ्यात मोठी विद्या, ती म्हणजे गावाचा ग्रुप. देश खरा तिथंच सांभाळला जाते. सप्टेंबरात आपल्या टीमनं पाकिस्तानशी हात मिळवला नाही, मग 28 तारखेला आशिया कप जिंकून ट्रॉफीही घेतली नाही, तेव्हा ती ट्रॉफी नेमकी कोणत्या खोलीत ठेवली असेल यावर आपल्या ग्रुपवर तीन दिवस चर्चा झाली. चांगली झाली. मीही होतो त्यात.

तर 14 नोव्हेंबर. बिहारचा निकाल. माझ्या घरी 12 क्विंटल कापूस पडून होता. ॲप, ओटीपी, ई-पीक, सातबाऱ्यावरचं नाव, हे सगळं पार करून हमीभावाच्या सरकारी खरेदी केंद्रावर कापूस विकायला एकदाचा त्या दिवशीचा स्लॉट भेटला होता, त्याबद्दल काही बोलत नाही, ज्यानं केलं त्याला माहीत आहे. सकाळी बायको म्हणाली, "खरेदी चालू हाय का ते तं इचारा कोनाले, मंग जा." म्हणून पावणेसातला ग्रुपवर टाकलं, "आज केंद्रावर खरेदी चालू हाय का? माहीत असन त्यानं सांगा." दोन मिनिटांत एकानं अंगठा टाकला. आता अंगठा म्हणजे हो, का नाही, का नुसतंच पाहिलं? मी हो समजलो. पिकअप सांगितली, भाडं 1800, कापूस भरला, 26 किलोमीटर गेलो. गेट बंद. गेटवर पुठ्ठा, त्यावर खडूनं लिहिलेलं, जागेअभावी खरेदी बंद. चौकीदार म्हणे, "कालच सांगतलं ना भाऊ सगळ्याइले."

ज्यानं अंगठा टाकला तो आदल्या दिवशी संध्याकाळी त्याच गेटवरून आपला कापूस घेऊन परत आला होता. नंतर विचारलं तर म्हणते, "मले वाटलं तुमी गुड मॉर्निंग टाकलं."

गेटसमोर पिकअपच्या सावलीत बसून मी ग्रुप उघडला. 187 मेसेज. भाजप 89, नितीशकुमार 85, एनडीए 243 पैकी 202, विरोधी आघाडी 35, सगळे आकडे बरोबर, एक चूक नाही, सीमांचलच्या कोणत्या सीटवर किती राऊंड झाले तेसुद्धा. माझा मेसेज त्या ढिगाखाली कुठंतरी पडला होता. परत येताना कापूस व्यापाऱ्याला टाकला, 6800 नं. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला 8110 होता. केंद्रावर ओलाव्याचे थोडे कापलेच असते, मान्य, पण 12 क्विंटलवर सरळ हिशोब धरला तर 15,720 रुपये गेले, भाडं वेगळं. हे ग्रुपवर लिहिलं तर ॲडमिननं हात जोडलेलं चित्र टाकून कळवलं की वैयक्तिक विषय ग्रुपवर टाकू नये.

वैयक्तिक! बिहार कोणाचं वैयक्तिक हाय बावा? आपल्या गावचा एक पोट्टा तिकडं नाई, एकाची सोयरीक नाई. 12 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की माल वापस, हे या गावात घराघरात लागते, आणि ते वैयक्तिक?

रागारागात त्या रात्री ग्रुप वर वर सरकवत ऑगस्टापर्यंत गेलो. 19 ऑगस्टपासून सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढून टाकलं, पहिले 30 सप्टेंबरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात येते त्याच महिन्यांपर्यंत. पऱ्हाटीच्या पट्ट्यातलं गाव हाय आपलं, कोनीतरी काहीतरी बोललं असन ना त्या दिवशी? एक मेसेज नाई. त्याच दिवशी आशिया कपची टीम जाहीर झाली होती. श्रेयस अय्यरला कायले नाई घेतलं यावर 94 मेसेज. त्यातले दोन माझे.

हो, माझेच. म्हणून तं जास्त आग होते. वर्षभर नुसत्या फोकनाड्या मारल्या आपण. सोयाबीन पावसानं सडलं तवा आपण पाकिस्तानच्या बॉलरचा ॲव्हरेज काढत होतो. ऑक्टोबरच्या शेवटी कर्जमाफीसाठी नागपूरजवळ हायवे अडवला लोकांनी, तवा कुठं सरकारकडून 30 जून 2026 ची तारीख भेटली, अन् आपल्या गावातून एक गाडी भरली नाई, डिझेलचे पैसे कोन देईन म्हणून. डीजेले पैसे निघतात. बह्याडासारखं दिवसभर मोबाईल आडवा धरून बसता, दुसऱ्या राज्यातल्या मुख्यमंत्र्याले सल्ला देता, अन् शेजाऱ्यानं एक साधी गोष्ट इचारली तं अंगठा? गेट बंद हाय, एवढे तीन शब्द टाइप कराले काय झालं होतं रे? बोटं झिजत होते?

ग्रुप मी सोडला नाही, सोडून जाणार कुठं. 31 डिसेंबरनंतर त्या आयात शुल्काचं काय होणार हे कोणाला खरंच माहीत असेल तर टाका, 5 क्विंटल अजून घरात आहे. माहीत नसेल तर माहीत नाही असं अक्षरात लिहा. अन् त्याच्याखाली कोणी गुलाबाचं फूल टाकून हॅप्पी न्यू इयर केलं तं ठेल्यावर येऊन मोबाईल हिसकून घेतो.