सूज आली ती विष साठले म्हणून नव्हे

गेल्या पंधरा दिवसांत एकच संदेश माझ्याकडे तीन गटांतून आला: सोसायटीच्या, शाळेच्या जुन्या वर्गाच्या आणि तळजाईवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या. त्याचा गोषवारा असा. सूज म्हणजे शरीरात साठलेले विष असून तीच सर्व रोगांचे मूळ आहे. मुरगळल्यावर तासाभरात बर्फ आणि गोळी यांनी ती उतरवली नाही, तर ती हाडात मुरते. पू म्हणजे नासलेले रक्त आणि आयुर्वेदाप्रमाणे ते दिसताक्षणी दाबून काढावे. रक्ततपासणीतला सीआरपी (दाह दाखवणाऱ्या एका प्रथिनाचा आकडा) 10 च्या वर गेला की हृदय धोक्यात आहे असे समजावे. मार बसलेल्या जागी हिरवट-पिवळा डाग पडला, म्हणजे ते विष कातडीवाटे बाहेर पडत आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि कोथरूडमध्ये लॅब चालवते. पू, पांढऱ्या पेशी आणि सीआरपी रोज माझ्या टेबलावरून जातात. तरीही लिहायचे मनात नव्हते. पण तळजाईच्या गटातल्या एका बाईंचा घोटा पर्वतीच्या पायऱ्या उतरताना मुरगळला, त्यांनी संदेशाबरहुकूम बर्फाचे खडे थेट कातडीवर ठेवून वर क्रेप बँडेज आवळले, आणि दोन तासांनी ते सोडले तेव्हा सुजेच्या जोडीला फोडही आले होते.

विषाचा मुद्दा आधी घेते. एखादी बोथट काडी हाताच्या आतल्या बाजूवर जोर देऊन ओढून पाहावी. काही सेकंदांत लाल रेघ उमटते, मग तिच्या दोन्ही बाजूंना लाली पसरते, आणि ओढ पुरेशी जोराची असेल तर थोड्या वेळाने रेघेवर गांधीसारखा उंचवटा येतो. थॉमस लुईस या ब्रिटिश वैद्यकाने 1927 मध्ये हा क्रम नीट वर्णन केला. काडीत विष नव्हते आणि कातडीखालीही ते आधीपासून साठलेले नव्हते. तिथल्या मास्ट पेशींना धक्का बसला आणि त्यांनी आपल्याजवळचे हिस्टामिन हे रसायन सोडले, एवढेच घडले. हिस्टामिनने बारीक धमन्या सैलावतात आणि जागेवर रक्त जास्त येते, म्हणून ती लाल आणि गरम होते. केशवाहिन्यांच्या पुढच्या बारीक नीलांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींपासून किंचित सरकतात आणि त्या फटींतून रक्तातला द्रव बाहेर झिरपतो, म्हणून ती सुजते. आणि ब्रॅडिकायनिन व प्रोस्टाग्लँडिन ही रसायने मज्जातंतूंची टोके हळवी करतात, म्हणून ठणका लागतो. या सगळ्या प्रतिक्रियेला आम्ही दाह म्हणतो. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही त्याची चारही लक्षणे सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच एकत्र नोंदवून ठेवली आहेत.

संदेश ज्याला विष म्हणतो, तो झिरपलेला द्रव तपासला तर त्यात काय सापडते? प्रतिपिंडे सापडतात, जंतूंच्या अंगाला चिकटून त्यांची ओळख पटवणारी कॉम्प्लिमेंट प्रथिने सापडतात, आणि रक्त गोठवणाऱ्या फायब्रिनचे जाळे विणण्यासाठी लागणारे फायब्रिनोजेन सापडते. एरवी हा सगळा माल रक्तवाहिनीच्या आतच असतो. तो जखमेपर्यंत पोहोचायचा तर भिंत थोडा वेळ गळकी व्हावीच लागते, आणि या गळतीलाच आपण सूज म्हणतो.

संदेशात एक अर्धसत्य मात्र आहे आणि ते मान्य केले पाहिजे. संधिवातात सांध्यांमध्ये किंवा रक्तवाहिन्यांच्या भिंतींमध्ये वर्षानुवर्षे धुमसत राहणारा दाह खरोखरच अवयवांची नासाडी करतो. पण तो दीर्घकालीन दाह झाला. लिहिणाऱ्याने त्याच्यावरचा आरोप उचलून चार दिवसांच्या तीव्र दाहाच्या माथी मारला आहे.

दुसरा मुद्दा बर्फाचा आणि गोळीचा. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकेतले डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये मांडले, आणि बर्फाने भरून येण्यास उशीर होऊ शकतो असे 2014 मध्ये त्यांनीच लिहिले. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावला तर जागा बधिर होऊन बरे वाटते, आणि तेवढ्यासाठी तो लावायला माझी हरकत नाही. वेदनाशामक गोळीचेही तसेच. जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवून दिले की अ‍ॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही; आयबुप्रोफेनही त्याच वाटेने काम करते. ठणका असह्य झाला तर गोळी घ्यावी, परंतु ‘तासाभरात घेतली नाही तर सूज हाडात मुरते’ या वाक्याला शरीरशास्त्रात कुठेही आधार नाही. साचलेला द्रव लसिकावाहिन्यांतून परत रक्तात जातो आणि स्नायूंच्या हालचालीने त्याचा निचरा वेगाने होतो, म्हणूनच पाय उशीवर ठेवून घोटा हलका हलका हलवायला सांगतात. घोटा पुढे कायमचा दुखरा राहतो तो बहुधा फाटलेल्या अस्थिबंधाकडे (लिगामेंटकडे) किंवा हाडाच्या न कळलेल्या मोडीकडे दुर्लक्ष झाल्याने. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या टोकावर दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढावा. आणखी एक गोष्ट पुण्यातल्या पावसाळ्यात विसरता कामा नये: अंगदुखीबरोबर ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल, तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पुवाचा मुद्दा माझ्या रोजच्या कामाचा. गळवातल्या पुवाचा थेंब काचेवर पसरून ग्रॅम पद्धतीने रंगवला की मायक्रोस्कोपखाली जांभळ्या ठिपक्यांचे द्राक्षांसारखे घड दिसतात, ते स्टॅफिलोकॉकस जंतू; आणि त्यांच्याभोवती, कित्येकदा त्यांना पोटात घेऊनच मेलेल्या, तीन-चार पाळ्यांच्या केंद्रकाच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा खच पडलेला असतो. नासलेले रक्त त्यात नसते. पुवाची हिरवट छटाही या पेशींमधल्या मायलोपरॉक्सिडेझ नावाच्या विकराची. या पेशी तिथवर येतात कशा, हे मला इतक्या वर्षांनंतरही नवलाचे वाटते. प्रवाहात वाहणारी पेशी आधी नीलेच्या भिंतीला निसटता हात लावत घरंगळते, मग भिंतीला घट्ट धरते, आणि शेवटी दोन पेशींच्या सांध्यातून अंग चेपून बाहेर पडते. काही मुलांच्या पांढऱ्या पेशींना हे धरून ठेवणे जन्मतःच जमत नाही. त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिलांची संख्या भरमसाट असते, नाळ उशिरा पडते, जखमा चिघळत राहतात, आणि पू मात्र होत नाही. पू ही केवळ घाण असती तर ही मुले सर्वांत निरोगी ठरायला हवी होती.

राहिला आयुर्वेदाचा हवाला. सुश्रुताने व्रणशोथाच्या, म्हणजे गळवासारख्या सुजेच्या, आम (कच्ची), पच्यमान (पिकत असलेली) आणि पक्व (पिकलेली) अशा अवस्था सांगितल्या आहेत आणि कच्ची सूज चिरणाऱ्या वैद्याला त्याने कडक शब्दांत दोष दिला आहे. ‘दिसताक्षणी दाबा’ याच्या हे नेमके उलट आहे. कच्चे गळू पिळले तर त्याच्याभोवतीची तटबंदी फुटून जंतू आजूबाजूला पसरतात, आणि नाक व वरच्या ओठाच्या भागातल्या नीलांचा संबंध मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरापोकळीशी येत असल्याने तिथली पुळी तर मुळीच पिळू नये. पिकलेल्या गळवाचा निचरा करावाच लागतो, पण तो डॉक्टरांच्या हातून.

सीआरपीबद्दल थोडक्यात. हे प्रथिन यकृत बनवते. दाह सुरू झाल्यावर सहा-आठ तासांत ते वाढू लागते, साधारण 48 तासांत शिखर गाठते, आणि कारण सरले की झपाट्याने उतरते. लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वरचा आकडा हा बहुतेक वेळा चालू असलेल्या संसर्गाचा किंवा दुखापतीचा असतो. हृदयाच्या जोखमीसाठी अतिसंवेदनशील सीआरपी ही वेगळी चाचणी असते, आणि तिच्यातही आकडा 10 च्या वर आला तर ती काही आठवड्यांनी पुन्हा करतात. घसा बसलेला असताना दिलेल्या रक्ताचा अहवाल घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे धावणारे लोक मी दर महिन्याला पाहते.

शेवटचा मुद्दा डागाचा. फुटलेल्या वाहिन्यांतून सांडलेल्या लाल पेशी दोन-तीन दिवसांत आलेल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात आणि त्यांच्यातले हिमोग्लोबिन मोडतात. त्यातून आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. कातडीवाटे त्यातले काहीही बाहेर पडत नाही. बिलिरुबिन रक्तातून यकृताकडे जाते आणि पित्तात उतरते, तर लोह पुन्हा नव्या लाल पेशींसाठी वापरले जाते. दहाव्या दिवशी त्या बाईंनी मला टाचेच्या कडेचा पिवळा पट्टा दाखवला आणि विचारले की तिथे तर मार बसलाच नव्हता. तिथे मार बसला नव्हता हे खरेच. घोट्यातून सांडलेले रक्त चालण्या-उभे राहण्याने खाली ओघळून टाचेशी साचले होते.