बादली रेषेबाहेर

डोकं फिरलंय आज, म्हणून लिहितेय.

भाच्याच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं. विषय 'माझा देश'. भिंतभर तेच ते: तिरंगा, कबुतर, टोपी-पगडी-क्रॉसवाली पोरं हात धरून उभी. भाच्याचंही तसंच, आणि त्यालाच पहिला नंबर. (घरचं आहे म्हणून सांगते, कबुतराचं बदक झालंय.)

आणि दाराच्या मागे सातवीतल्या एका पोरीचं चित्र. नळावरची बादल्यांची रांग वळत वळत भारताचा नकाशा झालेली. एका बादलीला कडीऐवजी सुतळी, एकीचं भोक डांबरानं बुजवलेलं. शेवटची निळी बादली मात्र नकाशाच्या रेषेबाहेर. मी विचारलं, ही बाहेर काऊन गं? तर म्हणे, "वो हमारी है. नंबर नहीं लगा अभी."

मायबाप छत्तीसगडहून बांधकामावर आलेले. पोरगी जन्मली इथंच, नागपुरात.

खाली लाल पेनानं शेरा: 'विषयाला धरून नाही.'

अहो, मग विषय होता तरी कोणता?

सर म्हणाले, "झेंडा नाही ना मॅडम त्यात." झेंड्याचं वावडं आहे का मला? १९२३ चा झेंडा सत्याग्रह याच शहरातला, लोक जेलात गेले त्यासाठी. पण संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत बघा की. नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातल्या विद्यार्थ्यांनी सजवलेली. मोहेंजोदडोचा बैल आहे, बुद्ध आहे, अकबर आहे, हिमालय आहे. प्रास्ताविकेच्या पानाची नक्षी जबलपूरच्या ब्योहार राममनोहर सिन्हांची, आणि तेव्हा जबलपूर ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी आपलं नागपूर. म्हणजे आपल्याच प्रांतातलं शिकतं पोर की! त्याच्या पानावर नाही कोणी लाल पेन चालवला.

बरं, सरांचंही थोडं खरं. ढीगभर चित्रं, परीक्षक बाहेरचे, त्यांचे निकष असतात म्हणे. असतील. सर स्वतःच स्टुलावर चढून सुतळ्या बांधत होते, शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांच्यावर आवाज चढवला याचं आता वाईट वाटतंय. शेऱ्याचं नाही वाटत.

ती निळी बादली डोळ्यांपुढून जातच नाहीये. अर्धीच रंगवलीये. मी म्हटलं, रंग संपला का? तर म्हणाली, "नहीं, पानी उतनाच आता."

प्रदर्शन शनिवारपर्यंत आहे. शाळेचं नाव इथं लिहीत नाही, इनबॉक्सात विचारा. गेलात तर दार आधी ओढून घ्या, नाहीतर दिसणार नाही.