देशाची सुरक्षा, शनिवारी संध्याकाळी साडेपाचला

निवृत्त झालात, गुडघे अजून शाबूत आहेत आणि सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडायच्या आत कुठेतरी सटकायचं आहे, तर मुंबईत तुमच्यासारख्यासाठी एक उत्तम जागा आहे: संरक्षण अभ्यास संस्थेची कार्यकारिणी. लिफ्ट बंद पडली म्हणून रात्री अकराला कोणी दार ठोठावत नाही. चीन आणि पाकिस्तान हे दोन विषय कायमचे बांधलेले, त्यामुळे कामाचा तुटवडा नाही. आणि काम म्हणजे तरी काय, वर्षातले पाच-सहा शनिवार.

मात्र नवी संस्था काढायच्या फंदात पडू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, घटना, पॅन, बँकेत तिघांच्या सह्या, एवढ्यात तुमचं वय निघून जाईल. जुनी गाठा. जिच्या लेटरहेडवर 'स्थापना' या शब्दापुढे तुमच्या जन्माआधीचं साल आहे, जिचे आजीव सभासद अजून हयात आहेत पण सभेला येत नाहीत, अशी. या क्षेत्रात वय हीच पात्रता. लंडनची रॉयल युनायटेड सर्व्हिसेस इन्स्टिट्यूट पाहा, 1831 ची, ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या पुढाकाराने निघालेली. तिच्या संग्रहालयात नेपोलियनच्या मारेंगो नावाच्या घोड्याचा सांगाडा वर्षानुवर्षं उभा होता. (पुढे तो नॅशनल आर्मी म्युझियममध्ये गेला.) हरलेल्या शत्रूचा घोडा दालनात उभा असला की आतल्या परिसंवादाचा विषय काय होता हे कोण विचारतो? दादर-माटुंग्यात नेपोलियनचा घोडा मिळणं कठीण आहे. पण 1971 च्या एखाद्या क्षेपणास्त्र नौकेचं चौकटीत बसवलेलं चित्र मिळतं, आणि ते व्यासपीठाच्या मागे लावलं की तेवढंच काम होतं.

भारतातली युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन 1870 ची. सिमल्यात कर्नल चार्ल्स मॅकग्रेगर याने काढलेली, आता दिल्लीत. इथे जरा सांभाळून बोला. हा मॅकग्रेगर खोरासान आणि बलुचिस्तान स्वतः तुडवून आलेला माणूस. तो गेल्यावर 1888 मध्ये त्याच्या नावाने पदक सुरू झालं ते लष्करी टेहळणीसाठी, आणि ते अधिकाऱ्यांबरोबर साध्या शिपायांनाही मिळे. म्हणजे या क्षेत्रातलं एक जुनं मानाचं पदक बोलण्यासाठी नव्हतं, जाऊन बघून येण्यासाठी होतं. ही माहिती तुमच्या सभासदांपर्यंत पोचू देऊ नका. एकदा का कोणी म्हणालं की आपणही जाऊन बघू या, की संपलं. बस ठरवा, जेवण ठरवा, बंदराचे परवाने काढा.

त्यापेक्षा यशवंतरावांवर या. मराठी श्रोत्यांसमोर हा हुकमी एक्का. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, तो संरक्षणमंत्री असताना 11 नोव्हेंबर 1965 रोजी दिल्लीत इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अ‍ॅनालिसेस, म्हणजे आयडीएसए, स्थापन झाली. 2020 मध्ये तिला मनोहर पर्रीकरांचं नाव दिलं गेलं. स्थापनेच्या वेळी मराठी जाणणारा मंत्री, नामकरणातही मराठी जाणणारा मंत्री. स्वागताध्यक्षांची आठ मिनिटं इथेच निघतात आणि टाळ्याही पडतात. फक्त तारखेवर फार रेंगाळू नका. पाकिस्तानशी युद्धबंदी 23 सप्टेंबरची. तोफा थंडावून दोन महिने होत नाहीत तोच एखाद्या सरकारला अभ्यासाची संस्था का काढावीशी वाटली, असा प्रश्न एखाद्या चिकित्सक बाईंच्या मनात येऊ शकतो. त्याचं उत्तर 1962 च्या चीन युद्धात आहे, आपल्याला काय काय ठाऊक नव्हतं त्या यादीत. आणि ते द्यायचं तर वाचन लागतं.

आता वार्षिक कामाकडे वळू. ऑडिटचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण संरक्षणाचं वर्ष सुरू होतं 1 फेब्रुवारीला, अर्थसंकल्पाबरोबर. पहिल्या शनिवारी 'संरक्षण अर्थसंकल्प: एक विश्लेषण' लावून टाका. 2025-26 ची तरतूद 6 लाख 81 हजार कोटींची होती. हा आकडा सावकाश उच्चारायचा आणि लगेच म्हणायचं, "पण जीडीपीच्या दोन टक्केसुद्धा नाही!" सभागृह हळहळतं. एवढंच पुरे. त्यातले 1 लाख 80 हजार कोटी भांडवली खर्चाचे आणि सुमारे 1 लाख 61 हजार कोटी पेन्शनचे, ही फोड करत बसू नका. पहिल्या तीन रांगांतल्या बहुतेकांचा त्या दुसऱ्या आकड्याशी घरचा संबंध असतो, आणि चहाच्या वेळी ते तुम्हाला गाठतील.

खरं कसब परिसंवादात आहे. विषय कुठलाही घ्या, शीर्षकाच्या शेवटी 'आव्हाने आणि संधी' हवं. हिंद-प्रशांत क्षेत्र: आव्हाने आणि संधी. सायबर युद्ध: आव्हाने आणि संधी. अण्वस्त्रयुद्धाच्या बाबतीत 'संधी' थोडी खटकेल, पण फ्लेक्स छापणाऱ्याकडे मजकूर तयार असतो आणि तो बदलायचे वेगळे पैसे घेतो.

वक्ते निवृत्त अधिकारी असावेत, आणि निमंत्रणपत्रिकेत सगळ्यांत काळजी घ्यावी ती हुद्द्यांची. लेफ्टनंट कर्नलसाहेबांना चुकून लेफ्टनंट जनरल छापलं तर ते मोठ्या मनाने दुर्लक्ष करतात. उलट झालं तर पुढची तीन वर्षं पत्रव्यवहार पुरतो. नौदलाचे कॅप्टन हे भूदलातल्या कर्नलच्या बरोबरीचे असतात, हे निवेदिकेला आदल्या दिवशी फोन करून सांगा. नाहीतर भूदलातल्या तरण्या कॅप्टनच्या हिशेबाने ती साठीच्या गृहस्थांना 'आपले तडफदार युवा अधिकारी' म्हणते आणि ते भाषणाची पहिली दहा मिनिटं हुद्द्यांची उतरंड समजावण्यात घालवतात. (त्या दिवशीचा सर्वांत माहितीपूर्ण भाग मात्र तोच ठरतो.)

बटाटेवडे मध्यंतरात. शेवटी ठेवले तर लोक दुसऱ्या सत्राला साडेसातला उगवतात, आधी ठेवले तर पहिल्या सत्रानंतर विरार फास्ट पकडतात. मध्यंतरातही वडा आणि चहा यांत सात-आठ मिनिटांचं अंतर राखा, म्हणजे वडा खाल्लेला माणूस चहासाठी थांबतो आणि चहा घेतलेला माणूस लाजेखातर आत येऊन बसतो. परराष्ट्र धोरणात ज्याला गुंतवून ठेवणं म्हणतात ते यापेक्षा फार वेगळं नसावं.

प्रश्नोत्तरांना वीस मिनिटं ठेवा. प्रश्न एकही येणार नाही. "मला प्रश्न विचारायचा नाही, फक्त दोन मुद्दे मांडायचे आहेत," असं म्हणत एक निवृत्त बँक अधिकारी उठतील आणि आठवा मुद्दा मांडत असताना माईक बंद पडेल. तो आपोआप पडत नसेल तर माईकवाल्याशी आधीच बोलून ठेवा. परदेशी पाहुणे असतील तर लंडनच्या चॅटहॅम हाउस या अभ्याससंस्थेचा नियम लागू असल्याचं जाहीर करा. 1927 पासूनचा आहे हा नियम: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते बाहेर सांगू नका. लंडनमध्ये तो लोकांनी मोकळेपणी बोलावं म्हणून केला. आपल्याकडे त्याचा वेगळा लाभ आहे. जे बोललं गेलं ते आपण बोललो असं नंतर कोणालाच कबूल करावं लागत नाही.

परिसंवादानंतर शिफारशी. शिफारस करताना हात आखडता घेऊ नका, कारण अंमलबजावणीची भीती नाही. दाखला देतो. आयडीएसएचे संचालकपद दीर्घकाळ सांभाळलेले के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती बसली. तिने काही महिन्यांत काम संपवलं, आणि फेब्रुवारी 2000 मध्ये अहवाल संसदेसमोर आला. त्यावरून मंत्रिगट बसला, 2001 मध्ये त्याने तिन्ही दलांसाठी एक संरक्षण दलप्रमुख नेमावा असं सांगितलं. नेमला. 1 जानेवारी 2020 पासून. राष्ट्रीय संरक्षण विद्यापीठाची कल्पना तर याहूनही जुनी आहे. त्याची पायाभरणीच 2013 साली हरियाणात बिनोला इथे पंतप्रधानांच्या हस्ते झाली आणि अजून तिथे वर्ग भरत नाहीत. सुब्रह्मण्यमांसारखा माणूस, दप्तरं उपसणारा, रोज वाचणारा, सरकारला न आवडणारंही लिहिणारा, त्याच्या शिफारशीला जिथे दोन दशकं लागतात, तिथे तुमच्या शनिवारच्या ठरावाचं काय होणार? म्हणून निर्धास्तपणे लिहा: 'केंद्र सरकारने तातडीने पावले उचलावीत.' 'तातडीने' हा शब्द ठळक टाइपात.

नियतकालिक काढत असाल तर ते त्रैमासिक आहे असं छापा आणि वर्षातून एकदा काढा, जोडअंक म्हणून. निबंध स्पर्धा घ्या. पहिलं बक्षीस कॉलेजच्या मुलीला जाईल, कारण तिने तळटिपा दिल्या असतील. परीक्षकांना तळटिपा पाहिल्या की गहिवरून येतं, त्या उघडून पाहण्याचा प्रघात मात्र नाही. परदेशी संस्थेशी सामंजस्य करार करा. त्यात सामंजस्य एवढंच की त्यांनी आपल्याला जेवायला घालायचं नाही आणि आपण त्यांना. फोटो दोघांच्याही वार्षिक अहवालात येतो.

सगळ्यांत जपून हाताळायचा महिना नोव्हेंबर. मुंबईतल्या संस्थेला 26 तारीख टाळता येत नाही. मेणबत्त्या, दोन मिनिटं शांतता, मग 'सागरी सुरक्षा: आव्हाने आणि' वगैरे. वक्त्याला शिवरायांच्या आरमारापासून सुरुवात करू द्या, कान्होजी आंग्र्यांवर पंधरा मिनिटं घालवू द्या. 720 किलोमीटरचा किनारा आपल्याला लाभला आहे, असं तो म्हणेल, आणि किनारा म्हणजे देवाने दिलेली देणगी असल्यासारखे सगळे माना डोलावतील. तो 1993 पर्यंत पोचायच्या आत वेळ संपलेली बरी. कारण तिथून पुढचा हिशेब अडचणीचा आहे. 1993 च्या स्फोटांसाठीची स्फोटकं रायगडच्या किनाऱ्यावर उतरली, शेखाडीला, दिघीला. म्हणजे समुद्रातून काय येऊ शकतं हे तेव्हाच कळलं होतं. किनारा सुरक्षा योजना मंजूर व्हायला 2005 उजाडलं. आणि 2008 मध्ये दहा जण 'कुबेर' या पळवलेल्या मच्छीमार बोटीतून आले, तिच्या तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, मारून रबरी होडीतून कफ परेडच्या बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तिथे त्यांना पहिल्यांदा कोणी पाहिलं, कोण कुठले म्हणून कोणी हटकलं? तिथल्या कोळ्यांनी.

पुढे या हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीचे अध्यक्ष हे संरक्षण मंत्रालयात यशवंतरावांचे खासगी सचिव राहिलेले गृहस्थ. एका माणसाच्या कारकिर्दीत 1962 नंतरची जागही बसते आणि 2008 नंतरची चौकशीही. यावर एक अख्खं व्याख्यान होऊ शकतं. करू नका, लोक घरी जाऊन विचार करतात.

त्यानंतर झालेल्या कामांची यादी मात्र जरूर वाचा, ती खरी आहे आणि लांबही आहे. सागरी सुरक्षेची एकत्रित जबाबदारी 2009 पासून नौदलाकडे. मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं. 'सागर कवच' सराव, ज्यात आपलेच लोक शत्रू बनून किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करतात आणि आपलेच लोक त्यांना पकडतात. वीस मीटर आणि त्याहून मोठ्या बोटींना ओळख सांगणारी एआयएस यंत्रं सक्तीची. यादी इथे थांबवा. 'कुबेर'सारखी मासेमारीची बोट किती मीटरची असते, आणि ससून डॉकला पहाटे उभ्या असलेल्या बोटींपैकी वीस मीटरच्या आतल्या किती, हे बघायचं तर पहाटे ससून डॉकला जावं लागतं. तुमची संस्था संध्याकाळी साडेपाचची आहे.

एवढी खबरदारी घेऊनही एखाद्या वर्षी घोटाळा होतो. कार्यकारिणीतला कोणी उत्साही तरुण, म्हणजे पंचावन्नचा, स्थानिक मच्छीमार सोसायटीला पत्रिका पाठवतो आणि शेवटच्या रांगेत एक तांडेल येऊन बसतो. वडा खात नाही, भाषण शेवटपर्यंत ऐकतो आणि प्रश्नोत्तरात खरोखरचा प्रश्न विचारतो: "साहेब, आमची बोट तेरा मीटरची. रात्री परत येताना समोर अनोळखी बोट दिसली, वायरलेसवर कळवलं, तर पलीकडचा आधी आमचंच नाव न् लायसन विचारतो. दुसऱ्या दिवशी चौकीवर बोलावतो. धंद्याचा दिवस जातो. मग पुढल्या वेळी कळवायचं का नाय?"

घाबरू नका. वक्त्याला उत्तर देऊ देऊ नका, ते देतील आणि उशीर होईल. अध्यक्षांनी उठावं, "अतिशय मार्मिक प्रश्न" म्हणावं, या विषयावर स्वतंत्र चर्चासत्र घेण्याचं आश्वासन द्यावं, तांडेलाला शाल नसली तरी एक गुलाब द्यावा आणि आभार प्रदर्शनाला खूण करावी. इतिवृत्तात लिहा: 'श्रोत्यांनी चर्चेत उत्स्फूर्त भाग घेतला.' आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने, पत्रिकांच्या यादीतून मच्छीमार सोसायटीचा पत्ता काढून टाका.